सबिहानं टाकलेलं मिटत नाही

केनवडच्या बाजारात सबिहा चुडीवाली बसायची ती जागा तिनं भांडून मिळवली होती. मसाल्याच्या पुड्या विकणाऱ्या एका माणसानं तिची ताडपत्री उचलून नालीत फेकली, पुढच्या बाजारी परत फेकली. त्यावर सबिहानं त्याच्याच तिखटाच्या ढिगात हात घातला आणि भरलेली मूठ त्याच्या डोळ्यांपुढे धरून म्हणाली, "आता फेक." त्यानंतर कोणी फेकली नाही. नवऱ्याशी फारकत झाल्यापासून ती वाशीमला धाकट्या भावाकडे, अजहरकडे, राहायची. बाजाराच्या दिवशी काचेच्या चुड्यांच्या पेट्या मांडीवर सांभाळत ती एसटीनं केनवडला उतरायची. तोंडानं जेवढी जहाल, तेवढीच हातानं हलकी. कितीही घट्ट चुडी असो, बाईच्या मनगटात ती अशी सरकवायची की बाईला कळायचं नाही आणि काच तडकायची नाही.

तिच्या शेजारी तुळसाबाई बसायची. साठी ओलांडलेली, नऊवारी लुगड्यातली, गावाला लागून असलेल्या मळ्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून स्वतःच विकणारी. सबिहाचा आवाज बाजाराच्या अर्ध्यापर्यंत जायचा, तुळसाबाईचा पार एसटी थांब्यापर्यंत. दोघींची भाकर एका फडक्यावर सुटायची. तुळसाबाई तिला पोरी म्हणायची, सबिहा तिला मावशी.

बाजाराचा ठेका जगदेव नावाच्या माणसाकडे होता. बसणाऱ्यांकडून बैठकीचे पैसे घ्यायचे आणि पावती द्यायची, एवढंच त्याचं काम. पण सोयाबीन निघालं की गावाच्या हातात पैसा खेळतो, बाजार भरून वाहतो, आणि त्या दिवसांत जगदेवची माणसं सकाळी एकदा आणि दुपारी पुन्हा एकदा फिरायची. दुसऱ्या फेरीची पावती नसायची. सगळे देत होते. त्या दिवशी तुळसाबाईनं दिले नाहीत.

"पावती फाड, मंग देतो," ती म्हणाली.

जगदेवनं पायानंच वांग्याची पाटी उलटवली. वांगी रस्त्यावर गेली, एका मोटारसायकलच्या चाकाखाली फुटली. तुळसाबाई उठली आणि तिनं त्याची गचांडी धरली. साठीतल्या बाईच्या हाताला मळ्यातली ताकद होती. जगदेवच्या सदऱ्याची दोन बटणं तिच्या मुठीत आली. मागून कोणीतरी हसलं. ते हसणंच नडलं. जगदेवनं खाली वाकून तिच्याच तराजूची लोखंडी दांडी उपसली आणि तिच्या डोक्यात घातली.

आवाज नारळ फोडल्यासारखा झाला. ती बसली तशी त्यानं तिचा अंबाडा धरला आणि तिला मेथीच्या जुड्यांवरून, चिखलातून, वाटेच्या मधोमध ओढत नेलं. रक्त तिच्या डोळ्यात उतरत होतं, ती आंधळ्यासारखे हात फिरवत होती. त्या ओढाताणीत लुगडं सुटलं. जगदेवनं ते पाहिलं, आणि सोडण्याऐवजी त्या लुगड्यावर पाय ठेवून उभा राहिला. म्हणाला, "उठ आता. पावती पायजे न तुले? उठ."

बाजार उभा होता. कोणी पुढं आलं नाही.

सबिहाच्या हातात मोबाईल होता, कारण एक बाई लग्नाचा चुडा ठरवत होती आणि सबिहा तिला फोटो दाखवत होती. अंगठा लाल टिपक्यावर कधी गेला, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. तुळसाबाई उघडी पडली तेव्हाही मोबाईल तिच्या हातात तसाच वर होता. मग कुठूनशी एक किंकाळी आली आणि ती स्वतःचीच आहे हे तिला कळलं. मोबाईल फेकून ती धावली, आपली ओढणी तिनं तुळसाबाईवर टाकली आणि वर स्वतः पडली. तेव्हा जगदेवनं एक लाथ तिच्या पाठीत घातली आणि बबलूला, आपल्या पुतण्याला, म्हणाला, "चाल, पुढची ओळ घे."

ठाण्यात लिहून घेणाऱ्यानं साक्षीदार विचारले. बाजारातलं एकही माणूस गेलं नाही. सबिहानं व्हिडिओ दाखवला. "जपून ठेवा, बोलावू," तो म्हणाला. बोलावणं आलं नाही. झटापटीत पडून जखम, असं काहीसं कागदावर राहिलं. तुळसाबाईच्या डोक्याला टाके पडले आणि जगदेव पुढच्या बाजारी दात कोरत फिरत होता.

सबिहाचं डोकं फिरलं ते त्या दात कोरण्यानं. वाशीमला आल्यावर तिनं तो व्हिडिओ सगळे वापरतात त्या मोठ्या साईटवर टाकून दिला. पोरापोरींनी तो पुढं पाठवला, लोक चिडले, शिव्या देऊ लागले. दुसऱ्या दिवशी पाहते तर जागा रिकामी. जगदेवच्या पोरांनी झुंडीनं तक्रारी केल्या होत्या. कंपनीनं व्हिडिओ काढला आणि सबिहाचं खातंही बंद केलं, नियम मोडले म्हणून.

"मारलं त्यानं अन् नियम मी मोडला?" ती अजहरच्या दुकानात येऊन ओरडली. पाटणी चौकामागच्या बोळात अजहर मोबाईल दुरुस्त करायचा. एक काउंटर, एक भिंग, धूर सोडणारी सोल्डरिंगची सळई. तो हातातलं काम न सोडता म्हणाला, "आपा, दुसऱ्याच्या वट्यावर बसलं का तो उठवनारच. आपला वटा पायजे."

"कोनता वटा?"

त्यानं सळई ठेवली. मोबाईलवर एक पान उघडलं. त्या मंचाचं नाव होतं 'गाठ'. सबिहानं अशी कितीतरी नावं ऐकून सोडली होती, पण ह्याची गोष्ट वेगळी आहे असं अजहर म्हणत होता.

"याचा मालक कोन हाये?"

"कोनीच नाई. तू काई टाकलं का त्याची नक्कल जगातल्या हजारो कम्प्युटरवर जाते. वरून ते अगोदरच्याले बांधल्या जाते, अन् नंतरचं त्याले. साखळीच समज. एकानं मधातून काई काहाडाले पाह्यलं त बाकीचे म्हनतात, खोटं हाये, आमच्याजवय त हाये. ब्लॉकचेन म्हनतात याले."

"म्हनजे जगदेवचे पोट्टे तक्रार करतील त?"

"कोनाकडं करतील? मालकच नाई."

सबिहा स्टुलावर बसली. "उघड माझं."

नाव तिनं सांगितलं, सबिहा चुडीवाली. फोन नंबर मागितला नाही, ह्याचं तिला नवल वाटलं. त्याऐवजी पडद्यावर बारा शब्द आले, हिंदीतले, एकमेकांशी काही संबंध नसलेले. अजहरनं मान दुसरीकडे वळवली.

"तू काहून तिकडं पाहून राह्यला?"

"हे शब्द म्हनजे तुया कुलपाची चावी. ज्याले माहीत, खातं त्याचं. माह्यासमोरबी वाचू नोको. अन् विसरली त गेलं. कंपनी नाई, कोनाले फोन करशीन?"

तिनं ते शब्द मनात म्हटले, पुन्हा म्हटले, चुड्या ओवाव्यात तसे एकामागे एक ओवले. दुकानात गिऱ्हाईक आलं, गेलं, तिचे ओठ हलतच होते. मग यंत्रानं त्यातले काही शब्द उलटसुलट विचारले आणि तिनं बिनचूक सांगितले. काही टाकायला तिथं त्या मंचाचं थोडं डिजिटल नाणं खर्ची पडतं. नव्या माणसाला सुरुवातीपुरतं ते तिथंच फुकट मिळतं. तिनं व्हिडिओ निवडला. वर लिहिलं: केनवडच्या बाजारात काय झालं ते पाहा. बटण दाबण्याआधी एक तांबडी पाटी आली: ही गाठ सुटणार नाही. पुढं जायचं?

अजहर आता पडद्याकडे पाहत होता. "आपा, तुळसाबाईले विचारलं?"

"तिले काय विचाराचं? तिच्यासाठीच त करून राह्यली."

तिनं बटण दाबलं.

व्हिडिओ तिथून पसरला. मोठ्या साईटवर कोणी टाकला की काढला जायचा, आणि काढला की लोक 'गाठ'वरचा दुवा पाठवायचे. तिथं तो जसाच्या तसा होता. पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलं. आखातात गेलेल्या पोरांनी लिहिलं. एका वर्तमानपत्रानं छापलं. ज्या ठाण्यातून बोलावणं येत नव्हतं तिथून तुळसाबाईकडे दोनदा माणूस गेला. सबिहा बोळातून चालली की बाया तिला थांबवून शाबासकी द्यायच्या, आणि खोटं कशाला सांगावं, तिची मान ताठ झाली होती. धमकीचे फोन येत होते. तिनं ते घेतले आणि फोन करणाऱ्यांच्या आईबापांचा उद्धार केला.

एका दुपारी जगदेव स्वतः वाशीमला आला. सोबत बबलू आणि आणखी दोघं. सबिहा अजहरचा डबा घेऊन दुकानात आली होती. एकानं शटर कमरेपर्यंत खाली ओढलं. दुकानात एकदम अंधारल्यासारखं झालं. काही बोलण्याआधीच जगदेवनं सोबत आणलेल्या लोखंडी गजानं काउंटरची काच फोडली, मग भिंतीवरचं कपाट, मग अजहरचा खांदा.

"मिटव," तो सबिहाला म्हणाला.

"मिटत नाई ते."

गज अजहरच्या बरगडीत बसला. तो वाकला, त्याच्या तोंडातून हवा गेल्याचा आवाज आला.

"मिटव म्हटलं न."

सबिहानं मोबाईल उघडला. त्या घटकेला तिला खरंच मिटवायचं होतं. भावाच्या अंगावरचा दुसरा फटका पाहण्यापेक्षा सगळ्या जगानं ते विसरावं, जगदेवनं दात कोरत फिरावं, काहीही चालणार होतं तिला. तिनं प्रत्येक खूण दाबून पाहिली. "पाह्य न, पाह्य, बटनच नाई याच्यात! मी कुठून मिटवू?"

"मले शिकवतं का?" त्यानं अजहरच्या गुडघ्यावर गज घातला. अजहर काचांच्या ढिगात पडला.

बबलूनं तिच्या हातातून मोबाईल घेतला. त्याला त्यातलं कळत असावं. त्यानं वरखाली पाहिलं, आत पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, खरं बोलून राह्यली हे. नाई होत. आपन तिचं खातं घेतलं तरी नाई होत."

जगदेवला ते समजलंच नाही. आयुष्यभर त्याचं एकच साधन होतं: माणसाला इतकं मारायचं की ते झालेलं मागं घेतं. ज्याला मागंच घेता येत नाही अशी गोष्ट त्याच्यापुढे कधी आली नव्हती. ही दोघं आपली टर उडवताहेत, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. त्यानं अजहरला उजव्या मनगटाला धरून फरपटत दारापर्यंत नेलं, त्याचा पंजा उंबऱ्यावर दाबून धरला आणि साथीदाराला म्हणाला, "पाड."

शटर पडलं.

अजहरची किंकाळी बोळात दूरवर ऐकू गेली म्हणतात. सबिहाला ती ऐकू आली नाही. सोल्डरिंगची सळई अजून तापलेली होती, तिच्या टोकावरून धूर निघत होता. सबिहानं ती उचलली, जगदेवच्या पाठीवर उडी घेतली आणि त्याच्या गालात ती रोवली. चामडी चरचरली. तो बैलासारखा हंबरला, पाठीवरच्या बाईला भिंतीवर आदळू लागला, पण तिनं सोडलं नाही. दातांनी त्याचा कान धरला आणि सळई तशीच दाबून ठेवली. साथीदारानं शटर वर लोटलं तेव्हा बाहेर माणसं जमली होती. सबिहाला झटकून जगदेव आणि ते दोघं पळाले. बबलू मोबाईल हातात धरून तिथंच उभा राहिला, रडत. पोलिसांनी तिघांना नंतर धरलं, चौथा तिथंच होता.

अजहरची दोन बोटं डॉक्टरांना वाचवता आली नाहीत.

दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर सबिहा त्याच्या खाटेशी बसली होती. तिच्या स्वतःच्या डोक्याला पट्टी होती. सकाळच्या उन्हात तुळसाबाई आली, नात सायलीला घेऊन. सायली वाशीमला कॉलेजात शिकायची. सबिहा उठली, तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, मावशी आता पोटाशी धरेल.

तुळसाबाईनं आधी अजहरकडे पाहिलं, त्याच्या पट्टीवर हात ठेवला. मग सबिहाकडे वळली.

"ते मिटव पोरी."

सबिहाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"ह्या पोरीच्या कॉलेजात पाहून राह्यले. तुह्या आजीचा व्हिडिओ आला म्हनते कोनी. गावात मी नयावर पानी भराले जातो, त पोट्टे मोबाईल काहाडतात. माह्यापेक्षा लहान पोट्टे वं. मिटव ते."

"मावशी…" सबिहा म्हणाली. जगदेवला दिलं तेच उत्तर तिच्याकडे होतं, दुसरं नव्हतं. "मिटत नाई ते."

"कोनाले विचारून टाकलं?"

सबिहानं अजहरकडे पाहिलं.

तुळसाबाईनं तिच्या तोंडात मारली. मळ्यातला हात, सबिहाचं डोकं खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं, पट्टीतून पुन्हा रक्त आलं. सायलीनं आजीचा हात धरला, तिनं झिडकारला आणि दुसऱ्या गालात दिली. नर्स धावत आली. तुळसाबाई ओरडली नाही. ज्या बाईचा आवाज एसटी थांब्यापर्यंत जायचा ती पुटपुटल्यासारखी म्हणाली, "जगदेवनं एकडाव सोडलं लुगडं. तू रोज सोडतं."

जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज येत राहिला. सबिहानं गाल चोळला नाही. अजहर खाटेवरून हळू म्हणाला, "आपा, बस." ती बसली.

जगदेव काही आठवडे आत होता, मग जामिनावर सुटला. ठेका दुसऱ्याला गेला. गालावरच्या जळक्या खड्ड्याचं कारण सांगत त्यानं सबिहावरही उलट गुन्हा दाखल केला, तो आजही चालू आहे. सबिहा केनवडला परत बसू लागली. शेजारची जागा रिकामी होती. तुळसाबाईनं आपलं दुकान पार दुसऱ्या टोकाला, खताच्या दुकानाजवळ नेलं होतं. सबिहा पोह्यांची पुडी बांधून तिकडं गेली तर तुळसाबाईनं ती उचलून शेजारच्या शेळीपुढे टाकली. रात्रीच्या झोपेत सबिहा बटण शोधायची. जागेपणी गिऱ्हाइकाच्या मनगटात चुडी घालताना काच फुटू लागली.

जगदेवच्या खटल्याची तारीख वाशीमच्या कोर्टात लागली तेव्हा दोघींनाही यावं लागलं. न्यायाधीश साहेब रजेवर होते, तारीख पुढं गेली. कोर्टासमोरच्या हॉटेलात सबिहा एकटी चहा घेत होती. समोरच्या बाकावर कोणीतरी बसलं. तुळसाबाई. मागं सायली.

"तथी, त्या गाठवर, फक्त दाखोताच येते का?" तुळसाबाईनं विचारलं. "का बोलताबी येते?"

"येते न. ज्याचं खातं हाये त्याले येते."

"मंग माहं उघड. मले बोलाचं हाये. तुह्या खात्यातून नाई, माह्या."

सबिहानं सायलीचा मोबाईल घेतला. नाव घातलं. बारा शब्द यायच्या आधी ती थांबली, मोबाईल सायलीच्या हातात दिला आणि बाकावरून उठली. "हे मी नाई ऐकत मावशी. सायली तुमच्या कानात सांगन. कोनाले सांगाचे नाईत, मलेबी नाई."

तुळसाबाईला वाचता येत नव्हतं. पण तिच्या मळ्यात वाफे होते, आणि तिनं एकेका वाफ्यात एकेक शब्द लावला. विहिरीजवळच्या वाफ्यापासून बांधापर्यंत ती डोळे मिटून चालत गेली आणि परत आली. हॉटेलवाला भज्यांचा घाणा काढता काढता पाहत राहिला. सबिहा रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

"झालं," तुळसाबाई म्हणाली. "आता धर तो मोबाईल."

सबिहानं धरला. तुळसाबाईनं पदर डोक्यावरून घट्ट घेतला, मग काय वाटलं कोण जाणे, मागं सारला. टाक्यांचा व्रण उघडा पडला.

"मी तुळसाबाई. केनवडची. ज्या बाईचं लुगडं सुटलं ते मीच. तुमी सगळ्यायनं पाह्यलं. थांबवून थांबवून पाह्यलं. आता पुन्हा एकडाव लावा, अन् माह्याकडं पाहू नोका. मांगं पाहा. मांगं पांढऱ्या टोपीतला पंजाबराव हाये. माह्या लग्नात वाढ्याले व्हता तो, माह्या मालकाच्या मातीले खांदा देल्ला त्यानं. हात मांगं बांधून उभा हाये. त्याच्या बाजूले किसनसिंग. त्याच्या हातात काठी हाये. नीट पाहा, काठीच हाये ते. उचलली का? त्याच्यामांगं तो मसालेवाला, तो हासून राह्यला. सगळ्यायचे तोंडं दिसतात. मी एकटीच उघडी नव्हती तथी."

ती थांबली. मोबाईलच्या वरून तिनं सरळ सबिहाच्या डोळ्यांत पाहिलं.

"अन् हे जिनं काहाडलं, सबिहा चुडीवाली, तिचे दोन्ही हात मोबाईलले व्हते. येक हात मले देल्ला असता त माहं डोकं एवढं फुटलं नसतं. बस. एवढंच."

सबिहाचा हात खाली आला. पडद्यावर तीच तांबडी पाटी होती. तिचं स्वतःचं नाव आता त्यात कायमचं बांधलं जाणार होतं.

"मावशी, हे मिटनार नाई. इचार करा. पंजाबराव, किसनसिंग, सगळे गावातले हायेत. तुमाले तथंच राहाचं हाये."

"मले माहीत हाये मिटत नाई. म्हनून त बोलली. दाब."

"मी नाई. तुमीच दाबा."

तुळसाबाईनं बोट पुढं केलं, मातीनं चिरा पडलेलं. पहिल्यांदा यंत्रानं ते मानलं नाही. तिनं लुगड्याला पुसलं आणि पुन्हा दाबलं.

गाव पेटलं. मसालेवाल्याच्या घरचे तुळसाबाईच्या मळ्यात शिरले, वांग्याची उभी झाडं त्यांनी उपटली, मोटारीची पाईपलाईन फोडली. ती विळा घेऊन त्यांच्यात घुसली आणि एकाच्या दंडावर वार झाला. एसटी थांब्यावर दगड चालले. किसनसिंगला त्याच्याच सुनेनं घरात विचारलं, काठी कायले धरली व्हती, आणि त्यानं तिला मारलं, आणि मग मुलानं त्याला मारलं. चारी बाजूंनी निरोप येत होते, मिटव म्हणून. तुळसाबाई सगळ्यांना एकच सांगायची, "मिटत नाई बाप्पा. इचारा त्या चुडीवालीले."

सबिहानं ह्या सगळ्यात पहिल्यांदा मोबाईल न काढता काम केलं. मळ्यात फुटलेली पाईपलाईन जोडायला ती वाशीमहून माणूस घेऊन गेली आणि दिवसभर चिखलात उभी राहून तिनं वांग्याची मोडलेली झाडं उचलली. तुळसाबाई तिच्याशी बोलली नाही. पण सबिहानं आणलेले पोहे ह्या वेळी शेळीला टाकले नाहीत.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या आवारात पांढरी टोपी दिसली. पंजाबराव आला होता, न बोलावता. सरकारी वकिलाला म्हणाला, "मी पाह्यलं. मी सांगतो." तो साक्षीला जाण्याआधीच जगदेवनं त्याला गाठलं. कुंपणाच्या कामासाठी रचलेल्या विटांतली एक वीट त्यानं उचलली आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर मारली. पंजाबरावचे पुढचे दात गेले, तो गुडघ्यावर आला. दुसरी वीट वर गेली, पण खाली आली नाही. सबिहानं त्या दंडाला लोंबकळून धरलं होतं. पंजाबरावसोबत आलेल्या किसनसिंगनं मागून जगदेवच्या कमरेत हात घातले. मग कोणी पाय धरला, कोणी मान. पाचसहा माणसं त्याच्यासकट जमिनीवर आली, आणि पोलीस येईपर्यंत एकानंही पकड सोडली नाही. कोणाचं नख सबिहाच्या कपाळात गेलं, कोणाचं कोपर तिच्या ओठावर बसलं. ती धरून राहिली.

तोंडाला फडकं लावून, रक्त गिळत, पंजाबरावनं त्या दिवशी साक्ष दिली. शब्द नीट उमटत नव्हते. लिहून घेणाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारावं लागत होतं, आणि तो पुन्हा पुन्हा सांगत होता. जगदेवचा जामीन रद्द झाला. निकाल अजून लागायचा आहे.

अजहर डाव्या हातानं चिमटा धरायला शिकतोय. बारीक काम अजून जमत नाही, बॅटरी आणि काचा बदलतो, चिडला की हत्यारं भिरकावतो. सबिहावरचा खटला चालूच आहे. तो व्हिडिओ अजून तिथंच आहे आणि त्याच्या मागोमाग तुळसाबाईचं बोलणं बांधलेलं आहे. काही लोक एकच पाहतात, काही दोन्ही.

तुळसाबाई खताच्या दुकानाजवळच बसते. शेजारी परत आली नाही. पण परवाच्या बाजारी भर दुपारी तिचा आवाज पार ह्या टोकापर्यंत आला. "सबिहा वं! इकडं ये! कोन्या दुबईच्या मानसानं माह्या बोलन्याखाली घान लिवली हाये, सायली लाजून राह्यली वाचाले. याले जवाब द्याचा हाये!"

सबिहाच्या समोर गिऱ्हाईक होतं. अर्धी घातलेली चुडी तिनं हळूच मनगटात सरकवली, पेटीवर फडकं टाकलं आणि तिकडं निघाली.